दुर्मिळ शस्त्र मिळवणं किती अवघड असावं? (२१४ वेळा हात हलवत परत आलेल्याचा प्रश्न)

रिकामं_म्यान:
डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

एक तलवार आहे. गेमचं नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की निम्मे लोक "तो गेमच भंगार" म्हणून सुरू होतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. तर ही तलवार एका जुन्या रेडच्या (गटाने करायच्या मोठ्या मोहिमेच्या) शेवटच्या बॉसकडे असते, ड्रॉप रेट, म्हणजे बॉस मेल्यावर ती पडायची शक्यता, १ टक्का, आणि एका कॅरेक्टरला आठवड्यातून एकदाच संधी. माझी सहा कॅरेक्टर आहेत. सहाही घेऊन दर आठवड्याला जातो, एकटाच, पंधरा-पंधरा मिनिटांत एकेकाचं उरकतं. ३६ आठवडे झाले. सहा गुणिले ३६ म्हणजे २१६, त्यात दोनदा नेट गेलं, राहिले २१४. वहीत रेघा मारून ठेवल्यात, चार उभ्या एक आडवी.

परवा गिल्डमधलं (आमच्या खेळाडूंच्या टोळीतलं) एक नवीन पोरगं दुसऱ्याच कुठल्यातरी ग्रुपबरोबर त्याच बॉसला गेलं आणि तिसऱ्या खेपेला तलवार घेऊन आलं. वर चॅटमध्ये विचारतंय, "ही चांगली असते का, की मोडीत काढू?"

मी काही न बोलता लॉगआउट केलं.

आता प्रश्न. दुर्मिळ शस्त्र सहज मिळू नये हे मला मान्यच आहे, सगळ्यांच्या पाठीवर तीच तलवार लटकत असेल तर तिला दुर्मिळ कोण म्हणणार. पण अवघड म्हणजे नक्की काय अवघड असावं? बॉस? वेळ? की नुसतं नशीब? आणि किती झालं की पुरे म्हणायचं?

भूत_लेव्हल_६०:
मी पहिला!
"की मोडीत काढू" वाचून फुटलो. मला तो पोरगा फार आवडलाय.

टँकबाई:
पंधरा मिनिटांत शेवटचा बॉस? आमचा ग्रुप एवढ्या वेळात दारातच बफ (ताकद वाढवणारे मंत्र) देत बसलेला असतो, आणि एक जण "आलोच" म्हणून गेलेला असतो तो वेगळाच. असो.

माझं मत सरळ आहे. हातातलं शस्त्र बघून समोरच्याला कळलं पाहिजे की ह्या माणसाने काहीतरी करून दाखवलंय. नशिबाने मिळालेल्या तलवारीवरून फक्त एवढंच कळतं की गडी नशीबवान आहे, आणि नशीबवान आहे म्हणून मी आजवर कोणाला ग्रुपमध्ये घेतलेलं नाही.

जुना_धनुर्धारी:
टँकबाईंना अनुमोदन. थोडं लांबण लावतो, माफ करा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला त्या पहिल्या काळात हंटरसाठी, म्हणजे धनुष्यबाणवाल्या पात्रासाठी, रोकडेलार नावाचं धनुष्य होतं. त्यासाठी चार राक्षस मारायचे. चौघंही साध्या माणसाचं रूप घेऊन चार वेगवेगळ्या प्रदेशांत फिरत असायचे, नावं तरी कशी, फ्रँकलिन द फ्रेंडली, नेल्सन द नाइस. जवळ जाऊन बोललं की खऱ्या रूपात यायचे. अट एकच, एकट्याने मारायचा. वाटेने जाणाऱ्या कोणी मदत म्हणून एक फटका जरी मारला तरी राक्षस गायब, पुन्हा पहिल्यापासून. विंटरस्प्रिंगमधल्याला तर अंगाजवळ येऊच द्यायचं नाही, बाण मार, पळ, वळ, बाण मार, पळ, असं बर्फातून गोल गोल, आणि एकदा जरी झाडाला नाहीतर दुसऱ्या कुठल्या प्राण्याला धडकलात की संपलं. माझे अकरा प्रयत्न वाया गेले. त्यातल्या सहाव्या की सातव्या वेळी एक भला माणूस आला, मी मरतोय असं वाटून त्याने मला वाचवलं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. बाराव्या वेळी पडला एकदाचा. हात इतके घामेजलेले की माऊस शर्टाला पुसला आणि मगच लूट उचलली.

पुढे त्याहून चांगली शस्त्रं आली, पण ते धनुष्य अजून बँकेत पडून आहे, मोडीत काढायला हात धजत नाही.

उचलली_जीभ:
धनुर्धारी, अर्धीच गोष्ट सांगितलीत. ती क्वेस्ट सुरू व्हायलाच मोल्टन कोअर नावाच्या रेडमधल्या पेटीतून झाडाचं एक पान निघावं लागायचं. म्हणजे आधी ४० माणसं जमवा, त्यांना तीन-चार तास एका जागी बसवा, मग पेटीत पान निघावं, मग गिल्डमधल्या बाकीच्या हंटरांत तुमचा नंबर लागावा. कौशल्य आलं कधी? शेवटच्या पायरीला. त्याआधी नशीब, माणसं आणि वशिला.

जुना_धनुर्धारी:
बरोबर आहे, खोटं कशाला बोलू. पान मला चौथ्या नंबरला मिळालं. पण पान मिळूनही धनुष्य न मिळालेले दोघं होते आमच्यात, म्हणून म्हणतोय.

गणिताची_खाज:
धागाकर्त्यासाठी थोडं गणित, कारण ह्या विषयावर भांडणारे निम्मे लोक ते न करताच भांडतात.

१ टक्का म्हणजे शंभर वेळा गेलं की एकदा मिळणारच, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. तसं नसतं. दर खेपेला न मिळण्याची शक्यता ०.९९. हा आकडा शंभर वेळा एकमेकांत गुणा, ०.३६६ येतो. म्हणजे शंभर खेपा मारलेल्या शंभर जणांतले ३६-३७ जण रिकाम्या हाताने घरी जातात. तुझ्या २१४ खेपांना ०.११६, शंभरात ११-१२ जण. शंभरातल्या ९९ जणांना तरी मिळायलाच हवी असं धरलं तर ४५९ खेपा लागतात.

ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये अबिसल व्हिप नावाचा चाबूक आहे, ५१२ मध्ये १. ५१२ राक्षस मारूनही न मिळालेले किती? तेच, ३७ टक्क्यांच्या आसपास. तिकडे अशांना "ड्राय" म्हणतात, कोरडा गेलेला. दुर्मिळ वस्तूचा रेट कुठलाही घ्या, तेवढ्या खेपा झाल्या की एक तृतीयांशाहून जास्त लोक कोरडेच असतात. डेव्हलपरने खुन्नस धरलेली नसते.

आणि हो, फासा मागचं काही लक्षात ठेवत नाही. २१५वी खेप पहिल्या खेपेइतकीच.

रिकामं_म्यान:
म्हणजे माझ्यासारखे शंभरात अकरा. बाकीचे दहा कुठे आहेत? आपण गिल्ड काढू.

कोरडा_पाषाण:
हजर.

भूत_लेव्हल_६०:
गिल्डचं नाव "दुष्काळ".

मॉडेमचा_आवाज:
१ टक्क्याला रडणाऱ्या मंडळींना जुन्या खोडाचा नमस्कार.

एव्हरक्वेस्ट, १९९९ मध्ये आलेला गेम. क्लेरिकच्या (बाकीच्यांना बरं करणाऱ्या पात्राच्या) एपिक शस्त्रासाठी रेजफायर नावाचा बॉस मारावा लागायचा. तो उगवायचा कधी ह्याचा नेम नाही, दोन उगवण्यांत कित्येक दिवस जायचे, आणि सर्व्हरवरच्या झाडून सगळ्या क्लेरिकांना तोच हवा. आतासारखी प्रत्येक ग्रुपला रेडची वेगळी प्रत नव्हती, एकच जग आणि एकच रेजफायर. मारामाऱ्या, शिव्याशाप सगळं झालं, शेवटी खेळाडूंनीच नंबरांच्या याद्या केल्या. माझा नंबर लागायला महिने गेले. पद्धत अशी की ज्याच्या नजरेला पडेल त्याने बाकीच्यांना फोन करायचा. रात्री अडीचला फोन वाजला आणि अख्खं घर उठून बसलं, सगळ्यांना वाटलं कोणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, उगवला.

लुटीची भांडणं मिटवायची डीकेपी पद्धत पण तिथलीच, ड्रॅगन किल पॉइंट्स. हजेरी लावा, पॉइंट साठवा, पॉइंट मोजून वस्तू घ्या. म्हणजे नशिबाला लगाम खेळाडूंनीच घातला, कंपनी नंतर शिकली.

शस्त्र हातात आलं त्या रात्री ओळख ना पाळख अशा लोकांनी अभिनंदन केलं, कारण महिनोन् महिने यादीत माझं नाव सगळ्यांनी वाचलेलं होतं. ती मजा तुमच्या पंधरा मिनिटांच्या एकट्याच्या फेरीत नाही रे.

तासभर_मिळतो:
काका, आदराने सांगते, मला रात्री अडीचला फोन आला तर मी तो उचलून खिडकीबाहेर टाकेन.

मला दिवसाचा एक तास मिळतो, तोही घर झोपल्यावर. म्हणून ह्या "अवघड हवंच" वाल्यांना एक विचारायचंय. तोच बॉस सहा महिने रोज मारणं हे कौशल्य कधीपासून झालं? तो मोकळा वेळ झाला. ज्याच्याकडे तो आहे तो जिंकला, आणि मग त्याला वाटतं की आपण भारी खेळतो.

मी गिल्ड वॉर्स २ खेळते. तिथे लेजंडरी शस्त्राची यादी समोर असते, अमुक साहित्य, जगाच्या नकाशाचा कानाकोपरा फिरून या, ७७ मिस्टिक क्लोव्हर आणा. पूर्वी त्यात एक काटा होता, प्रिकर्सर नावाचं मूळ शस्त्र नशिबाने निघायचं नाहीतर बाजारात सोन्याची रास ओतून घ्यायचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये हार्ट ऑफ थॉर्न्स आलं तेव्हापासून तेही स्वतः घडवता येतं. मला माझं शस्त्र घडवायला चौदा महिने लागले, ह्याला कुणी सोपं म्हणून दाखवा. पण एकही रात्र अशी गेली नाही की आज काहीच झालं नाही म्हणून झोपले. निदान चार ओंडके तरी जमा व्हायचे.

उचलली_जीभ:
ताई, क्लोव्हर तरी कुठे नक्की मिळतं? भट्टीत टाकलं की तीनातून एकदा निघतं, बाकी दोनदा कचरा. नशीब तिथेही आहेच.

तासभर_मिळतो:
आहे ना, नाही कुठे म्हणाले. पण ते ७७ ठिकाणी वाटून आहे. आज वाईट निघालं तर उद्या बरं निघतं. छोटी छोटी नशिबं सोसतात हो, एकच भलंमोठं नाही सोसत.

गणिताची_खाज:
ताईंनी जे म्हटलंय ते गणितातही अगदी तसंच आहे. बरेच छोटे फासे टाकून बेरीज केली की सगळ्यांची बेरीज सरासरीच्या आसपास येते. ७७ क्लोव्हरांना साधारण २३० वेळा भट्टी लागते, कुणाला २०० लागतील कुणाला २६०, एवढाच फरक. पण सगळा भार एकाच फाशावर टाकला की एकाला तिसऱ्या खेपेला मिळतं आणि दुसऱ्याला सहाशेव्या. सरासरी मेहनत तेवढीच ठेवूनही हे करता येतं, म्हणून "किती अवघड" हा एक आकडा सांगून भागत नाही, दोन खेळाडूंत केवढा फरक पडू द्यायचा हा दुसरा आकडाही लागतो.

फासा_पडला:
म्हणजे तलवार ईएमआयवर घ्यायची.

मी विरोधी पक्षात बसतो, इथे कोणीच बसेना म्हणून. फायनल फँटसी १४ मध्ये रेड जिंकली की दर आठवड्याला एक टोकन मिळतं, ठरावीक टोकनं जमली की दुकानदारासमोर ठेवायची आणि शस्त्र घ्यायचं. जमवली, ठेवली, घेतलं. काय वाटलं सांगू? लाइटबिल भरल्यासारखं वाटलं. तारीख आधीच माहीत होती, कॅलेंडरवर खूण होती. त्याच्या उलट एकदा एका फालतू, वाटेतल्या राक्षसाकडून, जो मी मारणारही नव्हतो पण तो अंगावर आला, एक भयंकर दुर्मिळ कट्यार पडली. व्हॉइस चॅटवर मी असा ओरडलो की हीलरने (आम्हाला जिवंत ठेवणाऱ्याने) हेडफोन काढून ठेवले आणि त्या नादात आम्ही सगळे मेलो. पाच वर्षं झाली, टोकनवालं शस्त्र कुठलं होतं आठवत नाही, कट्यारीचं नाव झोपेतही सांगेन.

नशीब काढून टाकलंत की उरते ती नोकरी. हेमावैम (हे माझे वैयक्तिक मत).

भूत_लेव्हल_६०:
त्याच फायनल फँटसी १४ मध्ये रेलिक शस्त्रासाठी बारा आत्मा गोळा करायला लावायचे. खरंच, नावच "आत्मा". बारा राशींचे बारा, प्रत्येकाचा प्रदेश वेगळा, तिथल्या लढायांत नशीब असेल तर पडणार. एकाच प्रदेशात दिवसेंदिवस बसून लोकांचा स्वतःचा आत्मा निघायची वेळ आली, मग नंतर रेट वाढवला.

फासा_पडला:
मला तूळ राशीचा सगळ्यात शेवटी मिळाला. माझी रास तूळच.

मॉडेमचा_आवाज:
शांती करून घ्यायची होतीस.

उचलली_जीभ:
सोपं करा सोपं करा म्हणणाऱ्यांनी डायब्लो ३ आठवा. मे २०१२ मध्ये गेम आला तो लिलावघर घेऊनच, आणि पुढच्याच महिन्यात त्यात खऱ्या पैशांचा लिलावही सुरू झाला. शस्त्र हवंय? राक्षस मारायची गरज नाही, बाजारात जा आणि घ्या. झालं काय, मी संध्याकाळी लॉगिन करायचो आणि दोन तास नुसत्या किमती बघत बसायचो. तलवारीला धार आहे की नाही ह्यापेक्षा भाव चढेल की पडेल ह्याची काळजी. शेवटी बनवणाऱ्यांनाच ते पटलं आणि १८ मार्च २०१४ ला लिलावघर बंद केलं. त्याच सुमारास लुटीची पद्धतही बदलली, कमी पडायचं पण जे पडायचं ते तुमच्या क्लासच्या (पात्राच्या प्रकाराच्या) कामाचं असायचं.

सांगायचा मुद्दा, तुम्ही मारलेल्या राक्षसातून तुमची वस्तू निघाली पाहिजे. मग ती २१४व्या खेपेला का निघेना.

टँकबाई:
मग त्याला तेच सांग, २१४ झाल्यात.

वॉलेट_रिकामं:
मधला रस्ता आहे की. पिटी सिस्टिम. नशीब ठेवा, पण त्याला तळ ठेवा. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये शस्त्रांच्या बॅनरवर (पैसे मोजून खेपा घेता येतात अशा सोडतीत) पाच तारे असलेलं शस्त्र निघायचा मूळ रेट ०.७ टक्के, पण ८०व्या खेपेपर्यंत एक निघतंच निघतं. आधी गोची अशी होती की निघणारं शस्त्र आपल्याला हवं तेच असेल ह्याची हमी नव्हती, नकोसं गळ्यात पडत राहायचं. २०२१ मध्ये हवं ते आधी निवडून ठेवायची सोय आली. लॉस्ट आर्कमध्ये शस्त्राला धार देताना अपयश आलं की एक पट्टी थोडी थोडी भरत जाते, ती पूर्ण भरली की पुढची खेप यशस्वी होणारच. ब्लॅक डेझर्टमध्ये फेल झालं की पुढच्या वेळची शक्यता वाढते.

म्हणजे फाशाला आठवण द्यायची. गणितवाल्यांनी वर म्हटलंय ना की फासा लक्षात ठेवत नाही, तर त्याला ठेवायला लावा.

तासभर_मिळतो:
तुमचं नाव वाचून विचारते, ८० खेपांना किती गेले?

वॉलेट_रिकामं:
विषय बदलू या.

उचलली_जीभ:
नाही, हाच विषय आहे. खेप मारायला तास लागत असेल तर पिटी ही खेळाडूची दया. खेप मारायला पैसे लागत असतील तर पिटी म्हणजे "अजून बाराच राहिल्या, आता कशाला सोडता" असं कानात सांगणारा एजंट. यंत्रणा तीच, पण तळ कुठे आहे हे दाखवून माणसाला तळापर्यंत नेता येतं.

कोरडा_पाषाण:
तुम्ही सगळे आकडे खरे धरून बोलताय हे एक मला गमतीशीर वाटतं.

मेपलस्टोरीचं आठवा. शस्त्राचे गुण बदलणारे क्यूब विकत मिळायचे, आणि चांगले गुण निघायची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केली होती. काही जोड्या तर निघूच शकत नव्हत्या, शक्यता चक्क शून्य, आणि लोक विकत घेतायत. दक्षिण कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉनला ११६० कोटी वोनच्या आसपास दंड ठोकला. चीनमध्ये तर २०१७ पासूनच शक्यता जाहीर करायची सक्ती आहे.

मुद्दाम केलेलंच असतं असंही नाही. डेस्टिनी २ मध्ये २०२४ ला खेळाडूंनी हजारो ड्रॉप नोंदवून दाखवलं की शस्त्रावरच्या काही गुणांच्या जोड्या जेवढ्या यायला हव्यात त्यापेक्षा फार कमी येतायत. कंपनी म्हणाली, आम्ही कुठलंही झुकतं माप दिलेलं नाही. मग शोधल्यावर कळलं की कोडमध्येच गडबड होती. म्हणजे देणारा प्रामाणिक, फासाच वाकडा.

तेव्हा २१४ वेळा न मिळालेल्याला "हे गणित आहे बाळा" म्हणून समजावण्याआधी गणितात घातलेला आकडा तपासा.

गणिताची_खाज:
हे मान्य. मी १ टक्का धरून चाललो होतो. तो आला कुठून?

रिकामं_म्यान:
कुठून म्हणजे, गेममध्येच आहे. लूट यादी उघडली की बॉसचं चित्र, खाली तलवार, पुढे १ टक्का. रोज बघतो. उघडल्याशिवाय झोप येत नाही.

टँकबाई:
थांब जरा. मला सुरुवातीपासून ती पंधरा मिनिटं खटकतायत, दुसऱ्याच पोस्टमध्ये बोलले होते, कोणी मनावर घेतलं नाही.

वॉरक्राफ्टमध्ये लिच किंगकडे इनव्हिन्सिबल नावाचा घोडा असतो, तोही साधारण १ टक्का. पण तो फक्त २५ जणांच्या हिरोइक, म्हणजे जास्त अवघड, मोडमध्ये पडतो. नॉर्मलला जन्मभर मारत बसलात तरी शेपूटही मिळणार नाही. आमच्या ओळखीत एकाने दोन महिने असे घालवलेत.

तू कुठल्या मोडला जातोस?

भूत_लेव्हल_६०:
नको. नको नको नको.

रिकामं_म्यान:
नॉर्मल.
पण यादीत तलवार दिसते ना.

टँकबाई:
यादीच्या वर कोपऱ्यात मोड लिहिलेला असतो, बहुतेक गेममध्ये. काय लिहिलंय बघ.

फासा_पडला:
गेला वाटतं बघायला.

जुना_धनुर्धारी:
माझ्याही पोटात गोळा आलाय, का कोण जाणे.

भूत_लेव्हल_६०:
वीस मिनिटं झाली. वही फाडतोय.

रिकामं_म्यान:
यादी उघडली की आपोआप हिरोइकचं पान उघडतं. वर बारीक अक्षरात लिहिलंय. मी ३६ आठवड्यांत एकदाही वर बघितलं नव्हतं. नॉर्मलवर टिचकी मारली.

तलवार नाहीये. तिच्या जागी एक ढाल आहे. ती माझ्याकडे अकरा आहेत.

भूत_लेव्हल_६०:
मी आता हसणार नाही. उद्या हसेन.

गणिताची_खाज:
दुरुस्ती. वर दिलेला ०.११६ मागे घेतो. नॉर्मल मोडला २१४ खेपांत तलवार न मिळण्याची शक्यता बरोबर १ आहे.

दुसरं असं की तू फासा अजून एकदाही टाकलेला नाहीस. तेव्हा तू कमनशिबी आहेस की नाही हे तपासायला आपल्याकडे काहीच डेटा नाही.

कोरडा_पाषाण:
म्हणजे "दुष्काळ" गिल्डमध्ये तुझं सभासदत्व रद्द.

तासभर_मिळतो:
हसताय काय. हा दोष गेमचा आहे. बॉस हवा तेवढा अवघड करा, रेट अर्धा टक्का करा, पण वस्तू ह्या दारामागे नाहीच हे ठळक सांगायला काय होतं? माणसाने ३६ आठवडे दिलेत.

उचलली_जीभ:
लिहिलंय की वर.

तासभर_मिळतो:
बारीक अक्षरात.

उचलली_जीभ:
पण लिहिलंय.

मॉडेमचा_आवाज:
आमच्या वेळी तर लिहिलेलंही नसायचं. ड्रॉप कुठून पडतो हे शोधण्यातच वर्ष जायचं. आणि पोरा, वाईट वाटून घेऊ नकोस, एका क्वेस्टसाठी मी चार महिने भलत्याच नदीत मासे धरलेत.

टँकबाई:
आता तरी गेमचं नाव सांग. मी टँक आहे, पुढे उभं राहून मार झेलणारी.

रिकामं_म्यान:
ताई, तुम्हाला व्यक्तिगत संदेश केलाय. इथे सांगितलं तर मला गिल्डमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

सगळ्यांच्या पोस्ट परत वाचल्या. कालपर्यंत माझी तक्रार अशी होती की बॉस सोपा आणि नशीब अवघड, हे उलटं हवं. म्हणून काल रात्री एकटाच हिरोइकला डोकावून आलो. शेवटचा बॉस राहिला लांब, पहिल्या दालनातल्या दोन पहारेकऱ्यांनी मारलं, चाळीस सेकंदांत. म्हणजे बॉसही अवघड आहे, नशीबही अवघड आहे, आणि काकांच्या काळासारखी माणसंही जमवावी लागणार. टँकबाईंचं सगळं पटतंय पण पटून उपयोग काय, मला दुसऱ्या टप्प्यात काय करायचं असतं तेच माहीत नाही. नॉर्मलला दुसरा टप्पा यायच्या आत तो मरतो.

मग त्या नवीन पोराला विचारलं, तू कुठल्या ग्रुपबरोबर गेला होतास. तो म्हणाला, "दादा, सोपंय, मी शिकवतो ना तुला." तलवार त्याने अजून मोडीत काढलेली नाही.

बुधवारी रात्री नऊला जातोय. वहीत नवीन पान घेतलंय. आठ जण लागतात, सात झालेत, हीलर कमी पडतोय.

कोरडा_पाषाण:
गेमचं नाव मलाही कळव, मी हीलर आहे. पण मी बरोबर असलो की कधीच काही पडत नाही, आधीच सांगून ठेवतो.